पहिल्यांदाच कुत्रं पाळताय? मग पिल्लू आणू नका

मे महिन्याची सुट्टी लागली की, आणि दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस, असे वर्षातून दोनदा मला हमखास फोन येतात. "ताई, ओळखीत एखादं पिल्लू आहे का हो? पोरं फार मागे लागलीयेत." फोन कधी कर्वेनगरातून असतो, कधी वारज्यातून, हल्ली जास्त करून बाणेर-बालेवाडी आणि वाघोलीकडून. माणसं चांगली असतात. त्यांनी घर नुकतंच घेतलेलं असतं, मुलं आठ-दहा वर्षांची असतात, आणि घरात एक जीव असावा असं त्यांना मनापासून वाटत असतं. बेवारस कुत्र्यांना घर मिळेपर्यंत मी माझ्याकडे ठेवून घेते, हे कोणीतरी त्यांना सांगितलेलं असतं.

गेली काही वर्षं मी सगळ्यांना एकच उत्तर देते. कुत्रं जरूर आणा. पिल्लू आणू नका.

पलीकडे जरा वेळ कोणी बोलत नाही. मग बहुतेक जण विचारतात, "म्हणजे मोठं कुत्रं? पण मग त्याला आपला लळा कसा लागणार?" या प्रश्नाचं उत्तर मी पुढे देणार आहेच. पण त्याआधी हे सांगायला हवं की मी हा लेख फक्त त्या घरांच्या भल्यासाठी लिहीत नाहीये. पुण्यात रस्त्यावरच्या कुत्र्यांवरून रोज भांडणं होतात. सोसायटीच्या ग्रुपवर होतात, महापालिकेत होतात, कोर्टापर्यंत जातात. त्या भांडणात सगळं बोलणं नसबंदी आणि खायला घालणाऱ्यांबद्दल होतं. घरातून रस्त्यावर आलेल्या कुत्र्यांबद्दल कोणी बोलत नाही. त्या कुत्र्यांची वाट पिल्लू घरी आणण्याच्या दिवसापासून सुरू होते. म्हणून कोणी कोणतं कुत्रं आणावं हा त्या घरापुरता प्रश्न नाही, गावाचा प्रश्न आहे, असं माझं ठाम मत आहे.

पिल्लू घेणारे लोक पैशाचं गणित करतात. जात कुठली, किंमत किती, खाण्याचा खर्च किती, डॉक्टर किती घेतील. वेळेचं गणित फार थोडे करतात. आणि पिल्लाला लागतो तो वेळच.

दोन महिन्यांचं पिल्लू दिवसातले सोळा-अठरा तास झोपतं, हे ऐकून लोकांना हायसं वाटतं. पण उरलेले सहा-आठ तास एकत्र नसतात. ते दिवसभरात आणि रात्रीत विखुरलेले असतात. उठलं की शू, खाल्लं की शू, जरा खेळलं की शू. दोन महिन्यांच्या पिल्लाला फार फार तर तीन तास धरवतं, तेही झोपेत. तीन महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायला घालायचं, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा. रात्री एकदा तरी उठायचं, बहुतेकदा दोनदा. फरशीवर शू केल्यावर ओरडून उपयोग नसतो, कारण आपण का ओरडतोय हे त्याला कळत नाही. ते फक्त आपल्याला घाबरायला शिकतं आणि पुढच्या वेळी सोफ्यामागे जाऊन करतं. योग्य क्षणी उचलून योग्य जागी नेणं, आणि तिथे केल्यावर लगेच शाबासकी देणं, हा एकच उपाय आहे. तो क्षण पकडायला माणूस घरात आणि जागं असावं लागतं. एक दिवस नाही, चार महिने.

आता हे गणित हिंजवडीला जाणाऱ्या जोडप्याच्या घरात मांडून बघा. सकाळी साडेआठची बस, संध्याकाळी साडेसात-आठला परत. मध्ये अकरा तास. घरून काम असलं तरी कानाला हेडफोन असतो आणि मीटिंग चालू असते. २०२० च्या टाळेबंदीत माझ्या ओळखीतल्या कितीतरी घरांनी पिल्लं आणली. तेव्हा सगळे घरात होते, पिल्लांची चैन होती. मग ऑफिसं उघडली आणि मला येणाऱ्या फोनचा सूर बदलला. "पिल्लू आहे का?" ऐवजी "आमचा कोणी घेईल का?" असे फोन यायला लागले.

"आई-बाबा असतात ना घरी" हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. अशा एका घरी मी गेले होते, कोथरूडला. मुलाने हौसेने लॅब्राडोर आणलेला, तीन-सव्वातीन महिन्यांचा. मुलगा आणि सून कामावर. लॅब गॅलरीत बांधलेला, खाली घातलेली वर्तमानपत्रं भिजून लगदा झालेली. आत आजी खुर्चीवर बसलेल्या, गुडघ्याला पट्टा. त्यांच्या साडीच्या काठाला खालून वीतभर दातांची भोकं होती, आणि मनगटावर बारीक ओरखड्यांची जाळी. त्या वयात कातडी किती पातळ होते ते ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांना माहीत आहे, आणि पिल्लाचे दुधाचे दात सुईसारखे असतात. मी म्हटलं, "काकू, त्रास देतो का फार?" त्या म्हणाल्या, "अगं, वाईट नाहीये तो. मला झेपत नाही एवढंच." मग आवाज खाली करून म्हणाल्या, "मला कोणी विचारलंच नव्हतं गं."

त्या आजींवर मी बराच विचार केला. पायात घुटमळणाऱ्या पिल्लाला अडखळून सत्तरीच्या बाईचं खुब्याचं हाड मोडलं तर त्याचा दोष कोणाला द्यायचा? पिल्लाला तर नाहीच. ज्याच्या अंगावर दिवसाचे दहा तास पडणार आहेत, त्याची संमती न घेता पिल्लू आणणं हा अन्याय आहे. मुलांच्या हट्टाइतकंच वजन आजीच्या नकाराला असलं पाहिजे, किंबहुना जास्त.

वेळेपेक्षाही अवघड एक गोष्ट आहे, आणि ती मी स्वतः चुकून शिकले आहे.

पिल्लाच्या आयुष्यात दोन घड्याळं एकाच वेळी चालू असतात, आणि ती एकमेकांच्या विरुद्ध चालतात. पहिलं घड्याळ लसीचं. आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण हळूहळू संपत जातं, म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून पिल्लाला दर तीन-चार आठवड्यांनी लस टोचतात, ते सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. पार्व्हो, डिस्टेंपर या पिल्लांचा जीव घेणाऱ्या विषाणूंच्या रोगांपासून ही लस वाचवते. तोवर जिथे इतर कुत्री फिरतात त्या जमिनीवर पिल्लाला सोडायचं नाही. दुसरं घड्याळ मनाचं. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याला जगाचा भाग वाटतं. त्यानंतर पहिल्यांदा भेटलेल्या गोष्टीची त्याला भीती वाटण्याचा संभव खूप वाढतो. म्हणजे लस पूर्ण होते तेव्हा ही खिडकी बंद झालेली असते. दोन्ही सांभाळायचं तर पिल्लाला कडेवर घेऊन हिंडवावं लागतं. पीएमपीची बस दाखवायची, बुलेटचा आवाज, गॅसचे सिलिंडर आदळणारा टेम्पो, कुकरच्या शिट्ट्या, काठी घेतलेले आजोबा, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, नदीपात्रात पावसाळ्यात चालणारा ढोल-ताशाचा सराव, आधी लांबून आणि मग थोडं जवळून. रोज थोडं थोडं. याला जाणकार माणूस लागतो. पहिल्यांदाच कुत्रं पाळणारा बहुधा दोन टोकांपैकी एक करतो. एकतर पिल्लाला चार महिने गॅलरीत कोंडतो, नाहीतर चौथ्या दिवशी खाली बागेत सोडतो.

मी दुसरं केलं होतं. २०११ ची गोष्ट. आमचं पहिलं कुत्रं, तांबूस रंगाची मादी, नाव चिंगी. विकणाऱ्याने सांगितलं, "दोन महिन्यांची आहे, सगळी इंजेक्शनं झालीत." कार्ड नंतर देतो म्हणाला. आम्ही विश्वास ठेवला. तिला घरी आणल्याच्या चौथ्या दिवशी मी तिला सोसायटीच्या बागेत खाली सोडलं, ती हिरवळीवर गडबडा लोळली, आम्ही फोटो काढले. आठवड्याच्या आत एका संध्याकाळी तिने खाणं सोडलं. रात्री पांढरा फेस ओकली. पहाटे रक्ताची जुलाब सुरू झाली. त्या वासाबद्दल मी लिहीत नाही, ज्यांनी तो एकदा घेतला आहे त्यांना सांगायला नको. डॉक्टरांनी तिचे दात बघून सांगितलं, ही आत्ता कुठे सहा-सात आठवड्यांची असेल. पुढच्या पायाचे केस भादरून त्यात सुई बसवलेली, वर सलाईन, आणि तो पाय माझ्या अंगठ्याएवढा. तीन दिवस मी सकाळ-संध्याकाळ तिला घेऊन गेले. चौथ्या दिवशी पहाटे ती गेली.

पार्व्होचा विषाणू मातीत महिनोनमहिने टिकतो, सावलीच्या ओलसर जागी वर्षभरही. घरातल्या नेहमीच्या फिनेलने तो मरत नाही, त्याला ब्लीच लागतं. हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. आधी सांगणारं कोणी नव्हतं, आणि विचारायला हवं हे मला माहीत नव्हतं. आज मी प्रत्येकाला सांगते की "इंजेक्शन झालंय" या शब्दाला काही अर्थ नाही. कार्डावर लसीच्या बाटलीचं स्टिकर, तारीख आणि डॉक्टरांची सही-शिक्का असेल तरच लस झाली समजायची. पण चिंगीला नेमकं माझ्या अज्ञानाने मारलं की त्या माणसाच्या खोटेपणाने, हा हिशोब मला आजवर सुटलेला नाही. दोन्ही नसतं तर ती जगली असती.

जी पिल्लं यातून निभावतात त्यांची खरी परीक्षा आठव्या महिन्याच्या आसपास असते. तोवर दुधाचे अठ्ठावीस दात पडून पक्के बेचाळीस आलेले असतात. लॅब असेल तर पंचवीस किलोच्या घरात गेलेला असतो. वयात येत असतो. कालपर्यंत हाकेला येणारा आज हाक ऐकून दुसरीकडे बघतो, पट्टा ओढतो, सोफा फाडतो. ज्याला लहानपणी जग दाखवलं नव्हतं तो लिफ्टमध्ये अनोळखी माणसावर गुरगुरतो. भित्रं कुत्रं चावतं, आणि कुत्री सहसा भीतीपोटीच चावतात. मग सोसायटीत तक्रार होते, कमिटीचं पत्र येतं, घरात वाद होतात. तोवर मुलांचा उत्साह ओसरलेला असतो, कारण त्यांनी मागितलं होतं ते पिल्लू आता उरलेलं नसतं.

इथे मला दुसऱ्या प्रकारचे फोन येतात. "गावाकडे शेतावर सोडायचा विचार आहे." "एका ओळखीच्यांचं फार्महाऊस आहे." काही जण फोनही करत नाहीत. पाषाण तळ्याच्या बाजूला, वेताळ टेकडीच्या पायथ्याशी, सिंहगडाच्या रस्त्यावर अशी कुत्री सापडतात. गळ्यावर पट्ट्याची चकती असते, केस झिजून गुळगुळीत झालेली. येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीकडे ती धावतात. ज्याने कधी रस्ता ओलांडलेला नाही, ज्याला त्या भागातल्या कुत्र्यांची हद्द माहीत नाही, तो किती दिवस टिकणार?

कायदा याला गुन्हा मानतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये, उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणं शिक्षापात्र आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. पन्नास रुपये. १९६० साली ही रक्कम लागली असेल कोणाला. आज लक्ष्मी रोडला चुकीच्या जागी स्कूटर लावली तर याच्या कितीतरी पट भरावे लागतात. जे कुत्रं दहा-पंधरा वर्षं जगणार आहे त्याला आठव्या महिन्यात रस्त्यावर सोडण्याची ही किंमत आपण ठेवली आहे, आणि तिच्याबद्दल चीड येणारी माणसं या शहरात पुरेशी नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता लळ्याचा प्रश्न.

चार वर्षांपूर्वी माझ्याकडे भैरू आला. साधारण सहा वर्षांचा, गावठी, काळा, एका कानाला खाच. आधीचं घर बंद झालं होतं, म्हातारा मालक वारला होता. पहिले तीन दिवस तो दाराकडे तोंड करून पडून राहिला. मी खायला ठेवायची, तो मी आत गेल्यावर खायचा. हाक मारली की शेपटीचं टोक एकदा हलायचं, बस. मी त्याला हात लावला नाही, फक्त रोज त्याच वेळेला, त्याच जिन्याने, त्याच रस्त्याने फिरवून आणलं. चौथ्या दिवशी दुपारी मी जमिनीवर बसून मेथी निवडत होते. तो उठला, आळस दिला, चार पावलं चालून आला आणि माझ्या पावलावर हनुवटी टेकवून झोपला. मी अर्धा तास पाय हलवला नाही, मुंग्या येऊन बधिर झाला तरी. आज तो माझ्या स्कूटरचा आवाज कोपऱ्यावरून ओळखतो.

कुत्र्याचं मन एकाच माणसापाशी संपून जात नाही, हे मी एवढ्या वर्षांत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. मोठ्या कुत्र्याला लळा लागायला काही दिवस लागतात, काहींना काही आठवडे. पिल्लाला तो लगेच लागतो असं वाटतं, पण पिल्लू पहिले कित्येक दिवस जो उचलेल त्याच्या मागे जातं. त्याला आपण लळा म्हणतो, एवढंच.

"मोठ्या कुत्र्याला आधीच्या वाईट सवयी असतात" हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि मी तो झटकून टाकणार नाही. काही कुत्र्यांना मारहाण झालेली असते. काहींना पुरुषांची भीती असते, काहींना झाडूची. पण त्या सवयी दिसतात. हेच तर मोठ्या कुत्र्याचं बलस्थान आहे. ते केवढं आहे ते दिसतं. भुंकतं किती, लहान मुलांजवळ कसं वागतं, मांजर दिसल्यावर काय करतं, चार तास एकटं राहतं का, हे सगळं घरी नेण्याआधी बघता येतं, आणि ते ज्याच्याकडे आहे त्याला विचारता येतं. सात-आठ तास धरवणारं शरीर आधीच तयार असतं. जिथे जायचं ती जागा बहुतेकांना आठवडाभरात समजते. पिल्लू म्हणजे बंद पाकीट. आत कोण आहे ते वर्ष-दीड वर्षाने कळतं. ज्याने आयुष्यात कधी कुत्र्याची भाषा ऐकलेली नाही त्याच्या हातात बंद पाकीट का द्यायचं? त्यापेक्षा जे कुत्रं माणसांत वाढलेलं आहे तेच नव्या मालकाला शिकवतं. कान मागे गेले म्हणजे काय, जांभई कधी झोपेची आणि कधी अस्वस्थपणाची, हे मी चिंगीपेक्षा भैरूकडून शिकले. त्यानंतरच मला पिल्लं वाढवता आली.

आणि एक. आपल्याकडे दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री उभी असतात. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. त्या गोष्टीतलं कुत्रं पिल्लू नाही, जातिवंत नाही, आणि कोणी पाळलेलंही नाही. गावठी कुत्र्याला घरात घ्यायचं म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांना मी ही गोष्ट आठवायला सांगते. इथल्या उन्हापावसात पिढ्यानपिढ्या टिकलेलं शरीर आहे ते. हस्की आणि सेंट बर्नार्ड बर्फाच्या मुलखातली कुत्री. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळीसला टेकतो तेव्हा त्यांची जीभ बघवत नाही. पगचं नाक इतकं चपटं केलं आहे की श्वास हेच त्याचं आजारपण. आपल्या भागातलं कारवान, ज्याला कर्नाटकात मुधोळ म्हणतात, ते देखणं आहे आणि काटक आहे, पण ते शिकारीसाठी धावणारं कुत्रं. त्याला वन बीएचकेमध्ये ठेवणं हाही छळच.

मग पिल्लू कोणीच आणू नये का? असं मी म्हणत नाही. ज्या घरात किमान चार महिने दिवसभर एक धडधाकट, राजीखुशीने तयार असलेला मोठा माणूस आहे, आणि ज्याने आधी कुत्र्याबरोबर दिवस काढले आहेत, त्याने जरूर आणावं. रस्त्यावर जन्मलेल्या पिल्लांनाही घरं हवीच आहेत. अशा माणसाला दोन-तीनच गोष्टी सांगेन. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा कागद मागा. केनेल क्लबचे पेपर वेगळे, ते वंशावळ सांगतात, पिल्लू निरोगी आहे की नाही ते सांगत नाहीत. पिल्लाची आई बघायला मिळाली नाही, पिल्लू हायवेवरच्या हॉटेलपाशी आणून देतो म्हणाला, तर तिथेच थांबा. आणि रेबीजची लस तीन महिन्यांनंतर टोचतात हे लक्षात ठेवा. तोवर, विशेषतः रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाचा दात किंवा नख लागून रक्त आलं, तर "पिल्लूच आहे, काय होतंय" म्हणायचं नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि वेळेवर पूर्ण उपचार घेतले तर तो टळतो.

पण हे सगळं एकेका घराच्या शहाणपणावर सोडून चालणार नाही. पुणे महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना आहे, तो बंधनकारक आहे, त्यासाठी रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं. आमच्या सोसायटीत अकरा घरांत कुत्री आहेत. परवाना तिघांकडे आहे. आणि हा परवाना कुत्रं घरात आल्यावर काढायचा असतो, म्हणजे चूक झाली असेल तर ती होऊन गेल्यावर. माझं म्हणणं असं की पहिल्यांदा कुत्रं पाळणाऱ्याने ते आणण्याआधी नोंद करावी आणि एकदा जनावरांच्या डॉक्टरसमोर अर्धा तास बसावं. दिवसा घरात कोण असतं, घर भाड्याचं आहे का, गावी जाताना काय करणार, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची सही आहे का. एवढे चार प्रश्न विचारले तरी निम्मी पिल्लं योग्य घरी जातील किंवा योग्य घरी जाईपर्यंत थांबतील, असं मला वाटतं. लोक म्हणतील, आणखी एक फॉर्म, आणखी एक हेलपाटा. हो. दहा-पंधरा वर्षांसाठी एक जीव घरी आणताना एक हेलपाटा जास्त नाही. ज्याला तो जास्त वाटतो त्याला पहाटेचं फिरवणं झेपणार नाही.

सोसायट्यांनाही इथे काम आहे. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सोसायटीला कुत्री पाळायला बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही. पण बंदी नाही म्हणजे बोलायचंच नाही असं कुठे आहे? ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांनी नव्या माणसाला आपल्या घरी चहाला बोलवावं, मुलांना आठवडाभर आपलं कुत्रं फिरवू द्यावं. पुण्यात रेस्क्यू, ब्ल्यू क्रॉस यांसारख्या संस्था आहेत, माझ्यासारखी घरातल्या घरात हे करणारी माणसं आहेत. आमच्याकडची मोठी कुत्री पंधरा दिवस घरी नेऊन बघा, नाही जमलं तर कुठलाही ठपका न ठेवता परत घेऊ, अशी पद्धत सगळ्यांनीच पाडावी. ठपका बसेल या भीतीनेच लोक गुपचूप टेकडीपाशी गाडी थांबवतात.

मागच्या रविवारी वारज्याचं एक कुटुंब आलं होतं. आई, बाबा, अकरा वर्षांचा मुलगा. त्याला बीगलचं पिल्लू हवं होतं, फोनमध्ये फोटो होता. माझ्याकडे सध्या राणी आहे, चार वर्षांची, पिवळसर, नसबंदी झालेली. मी त्याला म्हटलं, जमिनीवर बस, तिच्याकडे बघू नकोस, हात पुढे करू नकोस. तो तसा बसला, बरीच चुळबुळ करून. वीस मिनिटांनी राणी आली, त्याच्या मोज्यांचा वास घेतला आणि पाठ टेकवून बसली. तो हळूच म्हणाला, "ही गरम आहे."

ते लगेच घेऊन जायला तयार होते. मी नाही म्हटलं. मुलाला आठवडाभराचं काम दिलं आहे. रोज सकाळी सहाला उठून अर्धा तास खाली चालून यायचं, आणि रात्री साडेनऊला पुन्हा. कुत्र्याशिवाय. रोज आईने मला मेसेज करायचा.

बुधवारचा मेसेज असा होता: "आज पाऊस होता ताई. मी म्हटलं राहू दे. बाबा छत्री घेऊन त्याच्याबरोबर गेले."